खानेसुमारीतला एक आकडा: खापरपणजीचा माग कसा काढावा

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री ब्रिटिश हिंदुस्थानात एकाच वेळी माणसे मोजली गेली. तुमची खापरपणजी तेव्हा हयात असेल तर तीही त्या रात्री मोजली गेली. वय, लग्न झाले आहे की वैधव्य आले आहे, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, लिहितावाचता येते का, असे सगळे तिच्याबद्दल विचारले गेले. मग तक्ते तयार झाले, छापील खंड निघाले आणि घरोघरच्या मूळ याद्या नष्ट केल्या गेल्या. १८७२, १८८१, १८९१, १९०१ या चारही खानेसुमारींची गत एकच. १९०१ पासून तर दर माणसाची माहिती चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठ्यांचे गठ्ठे मोजण्याची पद्धत आली. मोजणी संपली की त्या चिठ्ठ्या रद्दीच.

हे आधीच सांगायचे कारण असे, की वंशावळ शोधण्याचे इंटरनेटवरचे बहुतेक धडे इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेले आहेत. तिकडे गणकांच्या मूळ वह्या शाबूत आहेत. इंग्लंडमध्ये १८४१ पासून घरातल्या प्रत्येकाचे नाव मिळते, १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातेही. अमेरिकेत १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचे नाव नोंदलेले आहे. त्यामुळे तिथे दर दहा वर्षांनी बाई कुठल्या घरात होती हे पाहत पाहत तिचे आयुष्य उभे करता येते. तीच रीत इथे लावायला गेलात तर महिनाभर चुकीच्या दारावर उभे राहाल. आपल्याकडे खानेसुमारीत बाईचा आकडा मिळतो, बाई मिळत नाही.

मग बाई मिळते कुठे? तर जिथे पुरुष बाजूला झाला तिथे. नवरा जिवंत आणि कर्ता असेपर्यंत एकोणिसाव्या शतकातली बाई सरकारी कागदावर जवळजवळ येतच नाही. नवरा वारला, मुलगा अज्ञान (कायद्याने वयात न आलेला) राहिला, दत्तक घ्यावा लागला, इनामाचा वारसा अडला, पोटगीवरून भाऊबंदांत वाजले, की तिचे नाव उमटते. म्हणून तिचा शोध तिच्या नवऱ्याच्या मृत्यूपासून सुरू करायचा. त्याच्या मृत्यूचे वर्ष जितके नेमके कळेल तितके तिचे कागद लवकर हाती लागतील.

आधी घरातले, मग कचेरीतले

घरात श्राद्धपक्ष होत असेल तर पहिला कागद म्हणजे पुरोहिताची किंवा आजोबांनी लिहून ठेवलेली नावांची यादी. त्यात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांच्या बायका नावानिशी येतात आणि आईच्या माहेरच्याही तीन पिढ्या येतात. कागदपत्रांत जिचा पत्ता नाही अशी बाई या यादीत शंभर वर्षे दरसाल उच्चारली गेलेली असते. नावापुढे ‘दा’ लावलेले दिसेल: गंगादा, सावित्रीदा. तो संकल्पातला प्रत्यय आहे, नावाचा भाग नाही. ‘यशोदादा’ वाचून गोंधळू नका.

महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची, यादी याहून लांब असते. तिच्यात सापत्नमाता, आत्या, मावशी, बहीण, काका, मामा, सासरा असे सगळे गोतावळ्यातले मृत येतात. सापत्नमातेचे नाव असेल तर ज्याची यादी त्याच्या बापाची दोन लग्ने झाली हे तिथेच कळले. आत्या आणि बहिणी यांची नावे तर इतरत्र क्वचितच मिळतात, कारण वारसनोंदीत मुली घेतच नसत.

तिथीसुद्धा पुरावा आहे. श्राद्धाची तिथी म्हणजे मृत्यूची तिथी: महिना, पक्ष, तिथी मिळाली, फक्त वर्ष नाही. आणि तुमच्या घरी भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, एखाद्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालत असतील तर ती बाई नवऱ्याच्या आधी गेली. एका वाक्यात केवढे काम झाले पाहा. अशा बाईला वारसनोंदीत शोधण्यात अर्थ नाही, ती विधवा झालीच नव्हती. तिच्यासाठी मृत्यूचे रजिस्टर आणि नवऱ्याचे दुसरे लग्न या दोनच वाटा.

देवघरातले टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या छोट्या प्रतिमा, त्याही बघा. पहिली बायको वारल्यावर तिचा टाक करून दुसरीने तो पुजायचा किंवा गळ्यात घालायचा, अशी रीत बऱ्याच जातींत होती. देवांच्या टाकांत एखादा बाईचा टाक असेल आणि तो कुठल्या देवीचा हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर तो सवतीचा असण्याची शक्यता धरून चालावे.

आणि भांडी. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावे असतात. घंगाळ, ताम्हण, परात उलटी करून काठ बघा. रुखवताच्या भांड्यावर बहुधा देणाऱ्याचे नाव असते, म्हणजे मुलीच्या बापाचे. माहेरचे आडनाव मिळण्याची ही एक स्वस्त आणि दुर्लक्षित जागा आहे. चिंच-मिठाने घासू नका, अक्षरे आणखी झिजतात. तिरप्या उजेडात धरून फोटो काढला की वाचता येते.

जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील तर त्यात दोन गोष्टी शोधाव्या. एक लग्नाची याद, म्हणजे दोन्ही पक्षांनी ठरवलेल्या देण्याघेण्याची यादी. तिच्यात वधूचा बाप, गाव, तिथी हे सगळे एका पानावर येते. दुसरी जमाखर्चाची वही. ‘सुईण’, ‘डिंक’, ‘बारसे’ अशा खर्चाच्या ओळी मिळाल्या की मूल कधी झाले ते कळते, मग ते मूल जगलेले असो वा नसो. दगावलेली मुले दुसऱ्या कागदांवर क्वचितच सापडतात.

मोडी येत नसेल तर वाचून घ्या, पण वाचणाऱ्याला एवढे सांगा: अर्थ नको, ओळीला ओळ लिप्यंतर हवे आणि संक्षेप न फोडता जसेच्या तसे लिहावेत. ‘मौ’ म्हणजे मौजे, ‘क’ म्हणजे कसबे, ‘त’ म्हणजे तर्फ, ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, हे नंतर फोडता येते. वाचणाऱ्याने अंदाजाने फोडून दिले की चूक शोधणे अशक्य होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून नावाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून दोन बायका वेगळ्या ठरवू नका.

एक बाई, चार नावे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लग्नात नाव बदलले जाई, त्यामुळे माहेरच्या कागदांत यमुना आणि सासरच्या कागदांत लक्ष्मी ही एकच बाई असू शकते. त्यावर घरात हाक मारायचे नाव वेगळे: माई, वहिनी, जिजी, बयो. त्याच्याही वर, पणतवंडांनी ‘मोठी आई’ म्हणून लक्षात ठेवलेले. म्हणून टिपणाच्या वहीत एका बाईला एकच नाव देऊ नका. क्रमांक द्या आणि त्याखाली प्रत्येक नाव कुठल्या कागदात आले ते लिहा.

सरकारी कागदात नावापेक्षा नावाच्या मधला शब्द महत्त्वाचा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको: ‘रखमाबाई कोम बाळाजी’. त्याच अर्थाने ‘मर्द’ येते आणि ‘भ्रतार’ येते. भ्रतारचा संक्षेप ‘भ्र.’ इतकाच असतो. वऱ्हाड-नागपूरकडे ‘जौजे’ म्हणजे बायको आणि ‘बेवा’ म्हणजे विधवा. नवखा वाचणारा ‘मर्द’ पाहून पुढचे नाव बापाचे समजतो आणि ‘कोम’ हा जातीचा उल्लेख समजतो, कारण कौम म्हणजे जात हाही अर्थ आहेच. वाक्यात दोन नावांच्या मध्ये आले की बायको, स्वतंत्र रकान्यात आले की जात.

खाजगी कागदांत सौ. (सवाष्ण) आणि गं. भा. (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) हे उपपद तारखेइतके मोलाचे. १८८४ च्या पत्रात ‘सौ.’ आणि १८८९ च्या देणगीच्या पावतीवर ‘गं. भा.’ असेल, तर नवरा या पाच वर्षांत गेला. मृत्यूचे रजिस्टर चाळायची वर्षे लगेच पाचवर आली.

ज्या जातींत पाट लावायची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करायची, चाल होती तिथे आणखी एक शक्यता मनात ठेवावी. बाई पहिल्या नवऱ्याच्या नावाने एका गावात आणि दुसऱ्याच्या नावाने दुसऱ्या गावात सापडेल. पहिल्या घरची मुले बहुधा तिथेच राहिलेली असतात. कुठल्या जातीत काय चाल होती हे जिल्हावार छापलेल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार दिले आहे: रत्नागिरी आणि खानदेश १८८०, नाशिक आणि कुलाबा १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. लिहिणाऱ्यांचे पूर्वग्रह त्यात जागोजाग आहेत, ते वगळून लग्नाचे वय आणि पाटाची चाल एवढेच घ्यावे.

महसुलाचे दप्तर

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याच्या पुढच्या वर्षांत गावोगाव जमिनीच्या हक्कातले बदल नोंदणारे फेरफार रजिस्टर सुरू झाले, तेच आजचे गाव नमुना ६. एकोणिसाव्या शतकातल्या बाईसाठी विसाव्या शतकातला कागद कशाला, असे वाटेल. पण १८६० साली जन्मलेली बाई १९१० साली पन्नाशीची होती आणि तिचा नवरा बहुधा याच सुमारास गेलेला असतो. पहिल्या वीस-तीस वर्षांचे फेरफार हे तिच्या पिढीच्या विधवांचे सगळ्यात मोठे दप्तर आहे.

नोंद बहुधा अशी असते: ‘अमुक मयत, वारस मुलगा तमुक अज्ञान, अ.पा.क. आई भागीरथी.’ अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. एवढ्यावरून तीन गोष्टी निघतात: नवरा त्या तारखेच्या थोडे आधी गेला, थोरला मुलगासुद्धा तेव्हा अठराच्या आत होता, आणि भावकीतल्या कोणा कर्त्या पुरुषाऐवजी पालनाचे काम आईकडे आले, म्हणजे कुटुंब बहुधा विभक्त होते. याउलट ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे दिसले तर खाते थोरल्या भावाच्या किंवा मुलाच्या नावावर गेले आणि विधवेचे नाव त्या नोंदीत येणारच नाही. तिथे ती नाही म्हणून ती वारलेली होती असे समजू नका.

आणखी एक कायद्याची खूण. हिंदू विधवेला मुलांबरोबर वाटा देणारा कायदा १९३७ चा. त्याआधी नवऱ्याची जमीन थेट विधवेच्या नावावर चढली असेल, पालनकर्ती म्हणून नव्हे तर वारस म्हणून, तर सरळ अर्थ असा की नवरा भाऊबंदांपासून विभक्त होता आणि त्याला मुलगा उरलेला नव्हता. अशा खात्यावर पुढच्या काही वर्षांत दत्तकाची नोंद शोधावी. दत्तक मुलाच्या नोंदीत त्याच्या मूळ बापाचे नाव येते आणि पुष्कळदा तो दीर-पुतण्याच्या घरातलाच निघतो.

दत्तकपत्र, गहाणखत, बक्षीसपत्र हे नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असतात आणि त्यांच्या नावांच्या सूची असतात. विधवेने जमीन गहाण टाकताना खतात कारण लिहावे लागे, कारण कारणाशिवाय तिने केलेला व्यवहार पुढे वारस मोडू शकत. मुलीचे लग्न, नवऱ्याचे कर्ज, तीर्थयात्रा, सरकारसारा अशी ती कारणे असतात. चार ओळींत त्या घराचा त्या सालचा हालहवाल येतो. ‘चोळीबांगडी’ हा शब्द दिसला की थांबा. ती बाईच्या निर्वाहासाठी तोडून दिलेली जमीन किंवा उत्पन्न असते आणि बाई माघारी आलेली लेक आहे की घरातली विधवा सून, हे दस्तात लिहिलेले असते.

इनामदार-वतनदार घराणे असेल तर याहून मागे जाता येते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामांची चौकशी केली तेव्हा घराण्यांनी वंशावळी आणि कैफियती सादर केल्या. मुलगा नसलेल्या विधवेचा हक्क टिकतो का, दत्तक मान्य होतो का, यावर पानेच्या पाने आहेत. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहावे. कोल्हापूर संस्थानातले कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. मराठवाड्याचे जुने दप्तर निजामाच्या राज्यातले, त्यामुळे काही शोध हैदराबादला जातो आणि उर्दू वाचणारा गाठावा लागतो.

मृत्यूची नोंद

गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक हे जन्म-मृत्यूचे गावपातळीवरचे दप्तर. मृत्यूच्या नोंदीत नाव, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, जात, वय, कारण येते. कारण ‘ताप’ असले तर त्यावर फार इमले बांधू नका, कारण गावच्या कोतवालाला जे कळत नसे ते सगळे ‘ताप’ या रकान्यात जाई. ‘देवी’ आणि ‘पटकी’ (कॉलरा) मात्र बहुधा खरी असते, ते रोग ओळखायला वैद्य लागत नाही. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला ‘ताप’ म्हणजे मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ, असण्याचा संभव मोठा. बाळंतपणातला मृत्यूही पुष्कळदा तापाच्याच नावावर गेला आहे. आईच्या नोंदीच्या आगेमागे महिनाभरात त्याच घरातला मुलाचा जन्म किंवा अर्भकाचा मृत्यू दिसतो का, ते तपासले म्हणजे उलगडा होतो.

मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, हे दप्तर पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणावर उघडले गेले. बऱ्याच जिल्हाधिकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर तालुका-गावनिहाय स्कॅन आहेत. पण ती पाने निवडक आहेत, विशिष्ट नोंदीसाठी काढलेली. तुमचे गाव यादीत आहे आणि तुमची बाई त्यात नाही, याचा अर्थ मूळ रजिस्टरात ती नाही असा होत नाही. संकेतस्थळावरून फक्त एवढे हेरावे की कुठल्या गावाचे कुठल्या सालाचे रजिस्टर अजून शाबूत आहे. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना गाव, नमुना क्रमांक आणि सालाचा टप्पा लिहावा. ‘आमच्या पूर्वजांच्या नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज हमखास परत येतो. जुने फेरफार आणि सातबारे काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर घरबसल्या पाहता येतात.

अर्जात तालुका-जिल्हा आजचा लिहिताना जुना कोणता होता तेही लिहा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, वाशीम त्याच वर्षापर्यंत अकोल्यात, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. १९०६ च्या आधी सगळा खानदेश एकच जिल्हा होता. जिल्हा तुटला तेव्हा सगळे दप्तर नव्या जागी गेले असे समजून चालू नये.

खानेसुमारीतून नावानिशी उरलेले एकच काही आहे आणि ते आपल्या शतकाच्या पुढचे: १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. १८८० च्या दशकात जन्मलेली आणि साठी-सत्तरीपर्यंत जगलेली बाई त्यात घरातल्या माणसांसह सापडू शकते. खापरपणजी तिथे नसली तरी तिची धाकटी जाऊ किंवा सून असेल, आणि तिचे वय, ती कोणाच्या घरात राहत होती, एवढ्यावरून वरची पिढी जोडता येते.

छापील खंडांचा उपयोग वेगळा. १८८१ चा मुंबई इलाख्याचा अहवाल बेन्स या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केला. त्यातला वय आणि वैवाहिक स्थितीचा तक्ता घेऊन बसा. दहा वर्षांच्या आतल्या विवाहिता किती, पंधरा ते एकोणीसमधल्या विधवा किती, हे कळले की घरातल्या दंतकथेला माप मिळते. आजीने सांगितलेले ‘आठव्या वर्षी लग्न’ त्या काळी अपवाद होते की रीत, हे तिथे कळते. याहून जास्त त्या खंडांकडून मागू नये.

साल काढताना

शकात ७८ मिळवा, पण इसवी सनाचे नवे वर्ष मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात लागते, म्हणून साधारण तिथपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १७९८ चा माघ म्हणजे १८७७ चा आरंभ, दुष्काळाचे ते साल. संवत्सराचे नाव दिले असेल तर पडताळा घ्या: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. १७९८ अधिक १२ म्हणजे १८१०, बाकी १०, दहावा धाता. कागदावर धाता नसेल तर शक किंवा संवत्सर, दोन्हींपैकी एक चुकीचे वाचले आहे.

फसली हे महसुली वर्ष मृगापासून सुरू होते. जून ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारी ते मे ५९१. फसली १२८७ म्हणजे १८७७-७८. मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात तसेच ५९९ आणि ६००, पण तो आकड्यात नसून अरबी शब्दांत, एकं आधी असा लिहिलेला असतो: ‘सन तिसा अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे नऊ, वीस, दोनशे, हजार, म्हणजे १२२९, म्हणजे १८२८-२९.

काशी, प्रयाग, गया, हरिद्वारच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ५६. पण खरी ठेच महिन्याला लागते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडचा मार्गशीर्ष कृष्ण पक्ष म्हणजे आपला कार्तिक वद्य. शुक्ल पक्षात फरक नाही. घरची तिथी आणि वहीतली तिथी बरोबर महिन्याने चुकत असेल तर हेच कारण. या वह्यांत जाताना आडनावापेक्षा मूळ गाव सांगा, वह्या गाव-जातीने लावलेल्या असतात. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरसाठी उपाध्यांकडे प्रत्यक्ष गेलेले बरे. यात्रेला विधवा सासू, सून, आश्रित आत्या असा सगळा तांडा निघे आणि वहीत तो क्रमाने लिहिला जाई. माझ्या मते घरच्या यादीनंतर बायकांसाठी याहून चांगला कागद नाही.

कोकणस्थ-देशस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याची वंशावळ आणि माहिती देणारी पुस्तके, ही अर्थातच पहिली सोय. त्यात पत्नीच्या नोंदीत माहेरचे आडनाव, बापाचे नाव, गाव असते. मात्र छापील माहिती त्या काळी पत्राने मागवलेली असते आणि ज्याने उत्तर पाठवले त्याची शाखा भरघोस, दुसरी ओसाड. स्वतःच्या घराण्यापेक्षा संभाव्य माहेरच्या घराण्याचा वृत्तांत उघडा. तिथे ती ‘कन्या’ म्हणून, सासरच्या आडनावासह, कधी कधी दोन्ही नावांनी सापडते.

पूर्वज गोव्यातले ख्रिस्ती असतील तर हा सगळा खटाटोप निम्म्याने कमी. चर्चच्या बाप्तिस्मा-विवाह-मृत्यूच्या पोर्तुगीज नोंदींत मुलीचे नाव मुलाइतकेच नीट लिहिलेले असते. आणि मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिटिया, म्हणजे कराराने मजुरीला गेलेल्या, बायका तर याहून स्पष्ट दिसतात. तिथे प्रत्येक स्थलांतरिताला, बाईलासुद्धा, स्वतःचा क्रमांक होता. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात वय, उंची, जात, गाव अशा तपशिलांसह त्या आहेत, आणि १८६० च्या दशकापासूनच्या काहींचे तर फोटोही. देशी राहिलेल्या तिच्या बहिणीचे कागदावर नावसुद्धा नाही.

जोडणी

समजा हाती असे तुकडे आले. मृत्यूची नोंद, नोव्हेंबर १९१८: ‘भागीरथी कोम विष्णु, वय ६०, ताप’. फेरफार, १९०९: ‘विष्णु मयत, दोन मुलगे अज्ञान, अ.पा.क. आई भागीरथी’. शाळेच्या जनरल रजिस्टरात थोरल्याचा जन्म १८९३.

वय ६० खरे धरले तर तिचा जन्म १८५८ चा आणि थोरला मुलगा तिला पस्तिसाव्या वर्षी झाला. त्या काळच्या मानाने हे खटकते. कारणे चार असू शकतात. एक, ६० हे ठोकळ वय आहे. सांगणारे आणि लिहिणारे दोघेही पाच-दहाच्या पटीत बोलत, त्यामुळे पाच ते दहा वर्षांची सूट ठेवावीच. दोन, आधीची मुले दगावली. तीन, आधी मुली झाल्या, त्या वारसनोंदीत नाहीत. चार, ती बिजवराची (दुसरेपणाच्या नवऱ्याची) दुसरी बायको आणि थोरला मुलगा पहिलीचा, मग तिचे वय मुलाच्या जन्माशी जुळवण्यातच अर्थ नाही.

चौथी शक्यता आधी निकालात काढा, ती सोपी आहे. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या घरी श्राद्धात त्या पिढीला माता म्हणून कोणते नाव घेत ते वेगवेगळे विचारा. नाव एकच निघाले तर आई एकच. वेगळे निघाले आणि थोरल्याच्या घरी अविधवा नवमीही होत असेल तर दोन बायका नक्की. तिसरीसाठी महालयाच्या यादीतल्या बहिणी आणि आत्या. दुसरीसाठी १८७५ ते १८९३ मधल्या जमाखर्चाच्या वह्या किंवा जन्म-मृत्यूची रजिस्टरे, जी उरली असतील ती. यातले काहीच हाती आले नाही तर पहिले कारण धरून जन्म ‘१८५८ ते १८६८ च्या दरम्यान’ असा लिहावा आणि शेजारी तो कशावरून काढला ते लिहावे. वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरला एकच साल हवे असते म्हणून १८५८ टाकून मोकळे होऊ नका. एकदा टाकलेले साल पुढच्या प्रत्येक प्रतीत पुरावा म्हणून फिरते.

माहेर अजून राहिले. त्यासाठी थोरल्या मुलाच्या श्राद्धयादीतला मातामह, म्हणजे आईचा बाप, घ्या, त्याचे गोत्र टिपा. कारण माहेरच्या तिन्ही पिढ्या गोत्रासकट उच्चारल्या जातात. मग ते गोत्र आणि ते नाव जुळणारी घराणी दहा-बारा कोसांच्या टापूत शोधायला लागा. त्या काळी लेक देताना बैलगाडी एका दिवसात जाऊन पोचेल इतपतच लांब बहुतेकजण देत.